कोट, एक

जकात कचेरीतल्या माणसाने विचारलं, यात काय?
मी म्हटलं, बाहुली.
वय?
तिचं की माझं, कळेना.
मी छप्पन्न सांगितलं. त्याने ते अर्जावर लिहिलं,
मग खोडलं.

सेंट गॅलनच्या रुग्णालयात मी चादरींना इस्त्री करते.
दिवसाला साडेचारशे, सगळ्या पांढऱ्या,
कुणाच्याच नसलेल्या.
संध्याकाळी घरी काचेच्या कपाटापुढे बसते.
एकतीस जणी. सोळा इंची.
पडदे ओढलेले, कारण ऊन रेशमाला खातं.
काळी मखमल फार दिवस अंगावर राहिली
तर रंग कातडीत उतरतो, मग निघत नाही.
म्हणून प्रत्येकीला आतून एक पातळ अस्तर,
तान्ह्याला झबलं असावं तसं.
एकीचे कान हिरवे पडलेत जुन्या कुड्यांनी.
ती त्यामुळेच स्वस्तात मिळाली.
तिचे केस मी पुढे ओढून ठेवते,
येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायला नको.
येणारंजाणारं म्हणजे
वरच्या मजल्यावरची हेडी, आणि वर्षातून एकदा
मीटर वाचणारा.

मूलबाळ नाही ना, म्हणून, असं हेडी म्हणते.
तिला काय सांगणार.
ही भातुकली नव्हे.
ह्यांना मी न्हाऊ घालत नाही, निजवत नाही,
नावं ठेवत नाही, दोन्ही अर्थांनी.
ह्या बायका आहेत, कुठेतरी निघालेल्या.
खाली गाडी उभी आहे,
एक हातमोजा घालून झालाय, दुसरा हातात,
आणि त्या मला ओळखत नाहीत.
मला ते बरं वाटतं.

किंमत ऐकून त्याने पेन खाली ठेवलं.
छातीवरच्या पट्टीवर नाव होतं: गाउडेन्झ.
खेळणं लिहू, म्हणाला, कपडे लिहू, की कलावस्तू?
प्रत्येकाचा रकाना वेगळा.
मी म्हटलं, उघडून बघा.

मऊ कागदाचे तीन पदर.
मनगटाला दोऱ्याने बांधलेला आकडा, तीनशेतली एकशे चौदावी.
राखाडी लोकरीचा लांब कोट,
खांद्याची शिवण अशी, की बोट फिरवलं तर
लागू नये.
त्याने चेहरा पाहिला. सगळे आधी चेहराच पाहतात.
मी कोटाचा काठ उलटा केला.
आतली बाजू बघा.

आत जाळी होती, भरतकामाची,
जिथे कुणीही पाहणार नाही तिथे
पानं, वेल, नखाएवढी फुलं.

माझी आई भरतकामाच्या कारखान्यात
यंत्राने सोडलेले टाके हाताने भरायची.
थानं पॅरिसला जायची.
पुढे त्यांचं काय होतं, तिने कधी विचारलं नाही.
तिला वाटायचं, पडदे होत असतील.
ही जाळी तिची नव्हे.
ती जाऊन तेहेतीस वर्षं झाली, बाहुली गेल्या वर्षीची,
एवढा हिशेब मला येतो.
तरी नवी आली की मी भिंग घेऊन
एक टाका शोधते,
जरा जाड,
डुलकी लागता लागता घातलेला.

हे मी गाउडेन्झला सांगितलं नाही.
तो बटणं मोजत होता. अकरा,
मोहरीएवढी.
शोभेची ना?
मी काही बोलले नाही.
त्याने रबरी मोजा काढला,
जीभ दाताखाली धरून
नखाने वरचं बटण ढकललं,
आणि ते काजातून निघालं.
तो हसला नाही. दुसरं काढलं.
रांगेत मागे कुणीतरी खोकलं,
कुणाचं तरी कुत्रं पिंजऱ्यात गोल फिरलं.
तिसरं.

लावायला मात्र त्याला येईना,
बोटं जाड.
मी लावली.

शिक्का मारून त्याने खोकं पुढे सरकवलं
आणि 'पुढचे' म्हणाला, माझ्याकडे न बघता.
अर्ज मी बसमध्ये वाचला.
खेळणं नाही, कला नाही. तिसऱ्या रकान्यात,
शाळकरी अक्षरात:
कोट, एक.
आतून पाहिला.